फाटकावरचं पांढरं फडकं

आमच्या मोठ्या काकूला सगळी गल्ली ‘बंबवाली’ म्हणायची. ती सारखी आगीच्या तयारीत असते म्हणून हे नाव ठेवलं माझ्या बाबांनी, तेही तिच्याच हातचं जेवताना. काकूला राग आला नाही. “बंब आला तर बरंच की भाऊजी, नाहीतरी आपल्या गल्लीत तो वळतच नाही,” एवढं म्हणून तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं. बाबा पोट धरून हसले. मीही हसले होते, कारण माझे बाबा विनोदी आहेत याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता त्यांचा एकही विनोद माझ्याने ऐकवत नाही.

आमचं घर डोंगराच्या उतारावर, गल्लीच्या जवळजवळ टोकाला. मागच्या कुंपणापलीकडे लगेच रान. घर एक, फाटक एक, मधला बोळही एकच. बोळाच्या डाव्या हाताला काका-काकू, उजव्या हाताला आम्ही. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सुतारकाम करायचे. घरातली दारं, कपाटं, काकूच्या शिलाई मशीनचं टेबल, बोळातल्या खुंट्या, सगळं त्यांच्या हातचं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत. काकूने त्यांची खाट फाटकासमोरच्या खिडकीशी लावली, म्हणजे दिवसभर रस्ता तरी दिसेल. काही हवं असलं की ते डाव्या हातातला चमचा खाटेच्या दांडीवर वाजवायचे.

काकूचा धंदा शिवणाचा. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या उसवलेल्या पँटी. गळ्यात फितीला बांधलेली कात्री असायची, ती फक्त आंघोळीपुरती निघायची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा बाबा हाफपँटमध्ये होते. त्यांचं नाक पुसायची तीच, डबा भरून द्यायची तीच, आणि तरी त्या एवढ्याशा पोराला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचीही तीच. बाबा मात्र तिला ‘वहिनी, तू’ म्हणायचे, आईला म्हणावं तसं. बुटाची नाडी बांधायलाही तिनेच शिकवलं. सुरगाठ मारायची, म्हणजे एक टोक ओढलं की सुटते. बाबांना ती कधी जमली नाही. ते करकचून निरगाठ मारून मोकळे व्हायचे आणि संध्याकाळी काकू त्यांच्या पायाशी बसून नखांनी ती सोडवायची. “भाऊजींची गाठ मी डोळे मिटूनही ओळखीन,” असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

मी लहान असताना एकदा वणवा गल्लीपर्यंत आला होता. तेव्हा माणसं हकनाक अडकली, कारण वणवा विझवणारं आमचं पथक, म्हणजे गल्लीतलेच चार धडधाकट लोक आणि एक पाण्याचा टँकर, रिकाम्या घरांची दारं ठोठावत बसलं आणि ज्या घरात माणसं होती तिथे उशिरा पोचलं. त्यानंतर ठरलं, की घर रिकामं झालं की फाटकावर पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की टँकर थांबणार नाही. फडकं नसलं तर थांबणार, हाका मारणार, दार उघडून आत बघणार. सगळ्या गल्लीची फडकी काकूने जुन्या चादरी कापून शिवली, कोपऱ्यांना नाड्या लावून. घरोघर जाऊन दिली आणि प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवून आली: “शेवटच्याने बांधायचं. घरात मांजरसुद्धा उरलं असेल तर हात लावायचा नाही.” आमच्या घरात ते बांधायचं काम काकूचंच होतं. तालमीतसुद्धा दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नव्हता.

हो, तालीम. उन्हाळ्याचा गरम वारा सुटला की आमच्या घरात वणव्याची तालीम व्हायची, आणि त्याआधी काकू सगळ्यांना कामाला जुंपायची. पन्हळीत साचलेला पाला काढा. लाकडं भिंतीपासून लांब रचा. घराभोवतीचं गवत मुळापासून काढून नुसती माती दिसेल असा पट्टा करा. दारातलं काथ्याचं पायपुसणं आत घ्या, खिडक्यांचे पडदे उतरवा. बाबांची मालाची छोटी गाडी होती, तिचं तोंड कायम रस्त्याकडे. “निघताना गाडी वळवत बसायला वेळ नसतो,” ही तिची ताकीद. बाबा कुरकुरायचे, पण रोज संध्याकाळी गाडी उलटी घालून लावायचे, नाहीतर जेवताना ऐकून घ्यावं लागायचं.

बोळातल्या खुंट्यांवर पिशव्या टांगलेल्या असायच्या, आणि त्या पिशव्यांचा सगळ्या गल्लीला हेवा वाटायचा. प्रत्येक पिशवीचं कापड वेगळं. औषधांची पिशवी खरबरीत रेघांच्या कॉर्डरॉयची. कागदपत्रांची मखमली. खाण्यापिण्याची गोणपाटाची. कपड्यांची साध्या सुती कापडाची. काकू म्हणायची, “धुरात डोळे मिटतात गं, बोटं नाही मिटत.” आम्हाला डोळ्यांवर फडकं बांधून बोळात सोडायची आणि विचारायची, औषधं कुठली? आई दर वेळी मखमल उचलायची. बाबा म्हणायचे, “हिला आगीतही चांगलंचुंगलंच हवं.”

तालमीचा क्रम ठरलेला. आधी पिशव्या गाडीत. मग गादी. काकांसाठी काकूने एक अरुंद गादी शिवली होती, चार कोपऱ्यांना धरायला चार कान लावून, म्हणजे खाली पोचल्यावर त्यांना गादीसकट उतरवता येईल. ती गाडीच्या मागच्या भागात अंथरायची. मग बाबांनी आत येऊन काकांना पाठुंगळीला घ्यायचं. काका खाटेच्या कडेला बसून डावा हात वर करून तयार असायचे. बाबा खाली वाकून म्हणायचे, “चला दादा, घोडा हजर आहे.” काका अर्ध्या ओठांनी हसायचे. लहानपणी काकांनी बाबांना असंच खांद्यावरून फिरवलेलं. सगळ्यांत शेवटी काकू गॅस बंद करून, सिलिंडर बाहेर काढून, खिडक्या लावून यायची आणि फडकं बांधायची. मला तो तालमीचा दिवस फार आवडायचा. आमचं घर एक आहे, असं तेव्हा वाटायचं.

मग मी नोकरीसाठी शहरात गेले. बाबांचं आइस्क्रीमचं दुकान चांगलं चालायला लागलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी नवा मोठा फ्रीझर घेतला. दुकानात मावेना, म्हणून घरी पडवीत ठेवला. फोनवर बाबा माझ्याशी माझ्याबद्दल कमी आणि फ्रीझरबद्दल जास्त बोलायचे. काकू म्हणाली, “नवी सूनच आणलीय भाऊजींनी. रोज सकाळी तिचं तोंड पुसतात.”

वणवा आला तो दुपारी. मी तिथे नव्हते. जे सांगतेय ते काकूने मला पुढच्या काही महिन्यांत तुकड्यातुकड्याने सांगितलेलं, थोडं आईने, थोडं टँकरवाल्याने. काकांनीही सांगितलं, चमच्याने आणि डोळ्यांनी.

भोंगा वाजला तेव्हा काकू गणवेशाला काज करत होती. बाहेर आली तर उजेड तांबडा झालेला आणि वारा थेट आमच्या बाजूचा. तिने बोळातून हाक मारली, “भाऊजी, निघायचं!” पलीकडून बाबांचा आवाज आला, “हो वहिनी, मी गाडीचं बघतो. तू दादाला तयार कर.” काकूला हायसं वाटलं. तिने काकांना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घातला, बूट घातले, सुरगाठी मारल्या, ओला पंचा गळ्याभोवती गुंडाळला आणि खाटेच्या कडेला बसवलं. मग मागे जाताना तिने बोळातल्या खुंट्यांवरून हात फिरवला. खुंट्या रिकाम्या. भिंतीशी गुंडाळून ठेवलेली गादीही नव्हती. पिशव्या गेल्या, गादी गेली, म्हणजे आता भाऊजी यांना न्यायला येतील. सगळं तालमीसारखं चाललं होतं. ती निश्चिंत मनाने मागे गेली.

सिलिंडर ओढत असताना तिला काकांचा चमचा ऐकू आला. टण टण टण, थांबायचं नावच नाही. तिला वाटलं, घाई करतायत. ती तिथूनच ओरडली, “अहो, आले! भाऊजी येतायत ना तुम्हाला घ्यायला!” चमचा आणखी जोरात वाजला. काका खिडकीतून बघत होते. त्यांचा धाकटा भाऊ फाटकाला बाहेरच्या अंगाने फडकं बांधत होता.

तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. काकूच्या मनात आलं, गाडी वळवत असतील. आणि तिने सिलिंडर तिथेच सोडला. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. रोज तीच तर लावायला लावत होती. वळवायचं काय होतं?

ती खोलीत धावली. काका खाटेच्या कडेला तसेच, डावा हात वर, हातात चमचा. खिडकीबाहेर गाडी नव्हती. मला हे सांगताना काकू म्हणाली, “मी यांना म्हटलं, माल ठेवून परत येतील. मलाच माहीत होतं गं, वणव्यात खालच्या नाक्यावरून परत वर कुणाला सोडत नाहीत. फेरी एकच असते. मीच तर सगळ्यांना शिकवलेलं. पण तोंडाने तेच म्हटलं.”

मग तिने मनाला समजावलं, टँकर येईल. आपल्या फाटकावर फडकं नाही, म्हणजे टँकर थांबेल, आत येऊन बघेल. ती काकांचा हात धरून उभी राहिली. बाहेर धुरात फाटक दिसेनासं झालं होतं, आता घरातही धूर यायला लागला होता. गल्लीतून टँकरचा घरघराट वर येताना ऐकू आला. फाटकापाशी तो मंद झाला. काकूने ओरडायला तोंड उघडलं आणि टँकर पुढे निघून गेला.

ती धावत बाहेर आली. फाटकावर पांढरं फडकं होतं. तिने स्वतः शिवलेलं, तिच्याच फाटकावर, आणि ती घरात. तिने गाठीला हात लावला. निरगाठ होती. दगडासारखी घट्ट.

“वाऱ्याने आलं असेल, कुणी परक्याने चुकून बांधलं असेल, असलं काही मनात आणायलासुद्धा जागा ठेवली नाही त्यांनी,” काकू म्हणाली. “जन्मभर सोडवली ती गाठ मी.” या वेळी तिने सोडवली नाही. गळ्यातली कात्री घेऊन नाडी कापली, फडकं कमरेला खोचलं आणि आत गेली.

काकांना उचलणं तिच्याच्याने होण्यातलं नव्हतं. तिने जाड चादर जमिनीवर टाकली, त्यांना खाटेवरून त्यावर घेतलं आणि चादरीचं टोक खांद्यावरून घेऊन ओढत निघाली. बोळातून, पडवीतून. पडवीत फ्रीझरची जागा रिकामी होती, तिथे फरशीवर ओला चौकोन उमटलेला. हे तिने तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती. पायरीवरून उतरवताना काका विव्हळले. ती त्यांना म्हणाली, “रागवा माझ्यावर, पण नंतर.” फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागच्या कुंपणाशी झाडं पेटली होती आणि तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता.

टँकरवाल्याने मला नंतर सांगितलं, “ताई, वर जाताना फडकं होतं. खाली येताना नव्हतं. मी म्हटलं, असल्या वेळी फडकं कोण चोरणार? आणि मारला ब्रेक.” तो तेवढ्यावर थांबला नाही. उतरून त्याने काकांना पाठुंगळीला घेतलं आणि केबिनमध्ये बसवलं. काकू मागून चढली. चमचा काकांच्या मुठीत तसाच होता.

सगळ्यांना खालच्या शाळेत नेलं होतं. तिथे बाबांनी या दोघांना बघितलं आणि धावत येऊन काकूच्या गळ्यात पडले, ढसाढसा रडले. “वहिनी! अगं, मला वाटलं, सगळे गेले! मला वाटलं, तू दादाला घेऊन टँकरने पुढे गेलीस!” आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. काकूने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणापासूनची सवय. ती म्हणाली, “घाईत होतं असं.” तिने खरंच तसं ठरवून टाकलं होतं. गाठ ओळखूनही ठरवलं होतं. याच गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. शाळेच्या पटांगणात मोठी रांग लागलेली आणि रांगेच्या तोंडाशी माझे बाबा. आइस्क्रीम वाटत होते. वीज नव्हती, सगळं वितळायला आलेलं, म्हणून फुकट. पोरं नाचत होती. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “तुझे वडील का? कसला दिलदार माणूस!” माझी मान ताठ झाली. ती शेवटची.

बाबा दोन कप घेऊन वर्गात आले. बाकावर काका बसले होते. “घ्या दादा, तुमच्या आवडीचं,” बाबा म्हणाले. काकांनी कप घेतला नाही. बाबांच्या डोळ्यांत बघत त्यांनी चमचा बाकावर आपटला. पुन्हा आपटला. कप सांडला तरी थांबेनात. बाबा हसून मला म्हणाले, “धक्का बसलाय त्यांना.” आणि घाईघाईने बाहेर गेले. काकू नवऱ्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “यांच्या गोळीची वेळ झाली. पिशवी गाडीत असेल, चल.” बाबा पटांगणातून ओरडले, “वहिनी, तू बस, मी आणून देतो!” ती थांबली नाही.

गाडी शाळेच्या मागे लावलेली, वर ताडपत्री. मी ताडपत्री बाजूला केली. आत फ्रीझर होता. नव्या सुनेसारखा जपून आणलेला, ओरखडा येऊ नये म्हणून गादीवर ठेवलेला. काकांच्या गादीवर. गादीचे चारही कान बाहेर लोंबत होते. माल न्यायला घरी आलेल्या दुकानातल्या दोघा नोकरांनी त्या कानांना धरूनच तो पडवीतून आणून गाडीत चढवला होता, हे मला आईने नंतर सांगितलं. कान होते म्हणून सोपं गेलं म्हणे.

काकूने आत हात घातला. फ्रीझरच्या एका कोपऱ्याखाली काहीतरी कोंबलं होतं, डुगडुगू नये म्हणून. तिची बोटं त्यावरून फिरली. खरबरीत रेघा. तिने ओढून बघितलं, निघेना. मी फ्रीझरला खांदा लावला तेव्हा ती पिशवी निघाली. आतल्या बाटल्या फुटलेल्या, गोळ्या ओल्या होऊन लगदा झालेला. काकूने ती पिशवी छातीशी धरली आणि गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली.

“तुझ्या काकांच्या जागेवर,” ती म्हणाली. एवढंच. मग कितीतरी वेळ रडत राहिली, आवाज न करता. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. माझ्या बाबांची मला किळस आली. हे मी लिहायला नको, असं आई म्हणते. पण आली, तर काय लिहू?

आईला मी नळापाशी गाठलं. ती आधी रडली, मग बोलली. गाडीत बसताना तिने विचारलं होतं, वहिनी? बाबा म्हणाले, टँकरने येतायत. तिने मागे वळून खिडकीत काकांना बघितलं होतं. “मी पुन्हा विचारलं गं. तुझे बाबा ओरडले माझ्यावर.” नाक्यावर पथकाने गाडी अडवली होती. तिथला नियम साधा, आधी माणसं, मग सामान. घरात कुणी राहिलंय म्हटलं असतं तर त्यांनी माणसांना जागा करायला फ्रीझर तिथेच उतरवायला लावला असता. म्हणून बाबा म्हणाले, “कुणी नाही. सगळे निघालो.” आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईने खाली बघितलं.

मी बाबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, माल उतरवून दुसरी फेरी मारणार होतो. मी म्हटलं, वरचा रस्ता बंद होतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते म्हणाले, टँकर होताच की. मी म्हटलं, “मग फडकं का बांधलंत?”

“सवयीने बांधलं गेलं.”

“तुम्ही आजवर कधी बांधलंय?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रांगेकडे वळले. पोरं कप पुढे करून उभी होती. मला वाटतं, टँकरने काका-काकूंना नाक्यावर आणलं असतं तर भावाऐवजी फ्रीझर आणल्याचं चारचौघांत उघडं पडलं असतं. आपलं नाव खराब होऊ नये, एवढ्यासाठी बांधलं फडकं. त्यापुढे काय होईल, हा विचार त्यांनी केलाच नसेल. विचार न करण्यात ते पहिल्यापासून पटाईत.

आमचं घर वाचलं. आग मागच्या कुंपणापर्यंत आली, काकूने गवत काढून केलेल्या मातीच्या पट्ट्यापाशी अडली आणि बाजूने निघून गेली. पन्हळीत पाला नव्हता, भिंतीशी लाकडं नव्हती, पडलेल्या ठिणग्या तिथल्या तिथे विझल्या. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला फिरवून दाखवायचे, “आम्ही आधीच तयारी केली होती ना!” त्या ‘आम्ही’वर माझा हात उठला असता.

काकूने भांडण केलं नाही. बाबा वाट बघत होते ती भांडेल याची, म्हणजे मग रडता आलं असतं, पायावर पडता आलं असतं आणि तिने पाठीवरून हात फिरवला असता. तिने आपली चूल वेगळी केली. बाबांनी मुद्दाम उसवलेली पँट मशीनवर आणून ठेवली, तर तिने ती शिवून, घडी घालून दिली, गिऱ्हाइकाची द्यावी तशी. एका संध्याकाळी बाबा तिच्या दारात बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, गाठ बसलीय बघ, सुटतच नाही.” मला वाटलं, विरघळणार आता. तिने गळ्यातली कात्री काढून त्यांच्या हातात दिली.

पावसाळा संपला तेव्हा तिने खाली सपाटीवर, टँकर उभा राहतो त्या चौकाजवळ, दोन खोल्या बघितल्या. मी सुट्टी काढून गेले. टँकरवालाही मदतीला आला. मशीन गेलं, टेबल गेलं, खुंट्यासुद्धा काकूने भिंतीतून काढून घेतल्या. शेवटी काका उरले. बाबा आत आले आणि खाटेपाशी वाकले. “चला दादा. घोडा हजर आहे.”

काकांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला. बाबा वाकलेलेच राहिले. मग टँकरवाला पुढे झाला, तेव्हा काकांनी तो हात काढला आणि त्याच्या गळ्यात टाकला.

मी भाड्याने घेतलेल्या गाडीत बसले. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. आई पडवीत फ्रीझरला टेकून उभी, बाबा पायरीवर. काकू शेवटी बाहेर आली. फाटक लावून घेतलं आणि पिशवीतून पांढरं फडकं काढलं. तेच. कापलेल्या नाडीच्या जागी तिने नवी नाडी लावली होती. ते तिने फाटकावर नीट पसरलं आणि बांधलं, कोपऱ्याकोपऱ्याला सुरगाठ मारून.

बाबा पायऱ्या उतरून धावत आले. “वहिनी, अगं, हे काय करतेस? आम्ही आहोत ना घरात!”

काकूने त्यांच्याकडे बघितलं. आवाज अगदी साधा होता.

“हो का? मला वाटलं, सगळे गेले.”

ती गाडीत येऊन बसली आणि काकांच्या पायांवरची चादर सारखी केली. मी गाडी सुरू केली. आरशात बाबा फाटकाच्या आत उभे दिसत होते, फडक्याच्या मागे. एक टोक ओढलं असतं तर गाठ सुटली असती. आम्ही वळणावर पोचलो तोवर त्यांनी तिला हात लावला नव्हता.